डेटाबेसचा बॅकअप आधी डिस्कवर, मग टेपवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटाबेस सांभाळायचं काम नव्यानं अंगावर आलं की हे प्रश्न हमखास पडतात. मलाही पडले होते, आणि त्यातल्या काहींची उत्तरं मला नुकसान सोसूनच मिळाली. इथली उदाहरणं ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांची आहेत, पण मूळ विचार कुठल्याही डेटाबेसला लागू पडतो.

बॅकअप थेट टेपवरच का घेऊ नये? मध्ये डिस्क कशाला?

टेप संथ असते, हा गैरसमज आधी काढून टाका. एलटीओ या प्रचलित टेप-प्रकाराच्या आठव्या पिढीची, म्हणजे एलटीओ-८ ची ड्राइव्ह (टेप लिहिणारं-वाचणारं यंत्र) कॉम्प्रेशन न धरता सेकंदाला ३६० एमबी लिहिते. अडचण अशी की तिला डेटा अखंड लागतो. पुरवठा थोडा कमी पडला तर ती वेग कमी करून जुळवून घेते. पण ठरावीक मर्यादेच्या खाली गेला, तर तिला थांबावं लागतं, टेप थोडी मागे न्यावी लागते आणि पुन्हा वेग घेऊन लिहायला लागावं लागतं. हे सतत पुढे-मागे होणं म्हणजेच 'शू-शायनिंग'. त्यात वेळ जातो, आणि टेप व ड्राइव्हचं हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात.

आता चालू डेटाबेसकडे पाहा. तो लोकांची कामं करत असतो, मध्येच एखादा मोठा रिपोर्ट चालतो, वाचनाचा वेग वर-खाली होतो. त्यात नेटवर्क एक गिगाबिटचं असेल तर पुरवठा सेकंदाला १२५ एमबीच्या वर जाऊच शकत नाही. ४ टीबीचा डेटाबेस अशा नेटवर्कवरून टेपवर न्यायला जवळजवळ नऊ तास लागतील, आणि तेवढा वेळ टेप रखडत चालेल. हाच बॅकअप आधी बॅकअप सर्व्हरच्या वेगवान डिस्कवर उतरवला आणि तिथून टेपवर नेला, तर टेपचं काम तीन तासांच्या आसपास उरकतं. डेटाबेसलाही टेपसाठी ताटकळावं लागत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रिस्टोरची, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्याची, बहुतेक मागणी कालच्या किंवा परवाच्या डेटाची असते. कोणीतरी अटीशिवाय 'डिलीट' चालवलेलं असतं, आणि तो एक टेबल आत्ता हवा असतो. डिस्कवर बॅकअप असेल तर काम लगेच सुरू होतं. टेपवर असेल तर कार्ट्रिज (टेपची डबी) शोधा, लोड करा, योग्य जागेपर्यंत टेप पुढे न्या, आणि मग वाचायला लागा.

मग सगळं डिस्कवरच ठेवलं तर? टेप हवीच कशाला?

डिस्कवरचा बॅकअप सर्व्हरला दिसतो, आणि जे सर्व्हरला दिसतं ते सर्व्हरवर घुसलेल्यालाही दिसतं. खंडणीखोर व्हायरस सोडणारी माणसं आधी बॅकअपच शोधून पुसतात. कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत कुठलीही कमांड पोहोचत नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे सुमारे ०.०२ टक्के खात्यांमधले मेल दिसेनासे झाले. गूगलकडे डेटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, पण ती चूक त्या प्रतींपर्यंतही पोहोचली. शेवटी मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होती.

एक मात्र लक्षात ठेवा. टेप लायब्ररीच्या (टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्राच्या) आत बसलेली टेप अजून 'बाहेर' गेलेली नसते. बॅकअप सॉफ्टवेअरचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो तिथल्या टेपाही पुसू शकतो. टेप लायब्ररीतून बाहेर काढून दुसऱ्या इमारतीत ठेवली, तरच ती खरी सुरक्षित. एलटीओ-३ पासून एकदाच लिहिता येणाऱ्या 'वर्म' कार्ट्रिजही मिळतात. वर्षअखेरचे बॅकअप मी त्यांच्यावरच घेते.

आमच्याकडे रेप्लिका (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) आहे. तरी बॅकअप लागेल?

लागेल. मुख्य डेटाबेसवर चालवलेलं 'ड्रॉप टेबल' रेप्लिकावर काही क्षणांत पोहोचतं. यंत्र बंद पडलं तर रेप्लिका वाचवते. माणसाच्या हातून चूक झाली तर ती कामाला येत नाही.

डेटाबेसच्या फाइली नेहमीच्या फाइल बॅकअपमध्ये घेतल्या तर चालतील?

डेटाबेस चालू असताना नाही. फाइल वाचली जात असताना डेटाबेस तिच्यात लिहीतही असतो. त्यामुळे कॉपीत अर्धं पान जुनं आणि अर्धं नवं, एक फाइल दहा वाजताची आणि दुसरी सव्वादहाची, असा प्रकार होतो. कॉपी विनातक्रार पूर्ण होते आणि दोष उघडा पडतो तो थेट रिस्टोरच्या दिवशी. डेटाबेसचं स्वतःचंच साधन वापरा. ओरॅकलसाठी आरमॅन, एसक्यूएल सर्व्हरसाठी त्याची बॅकअप कमांड, पोस्टग्रेससाठी पीजी-बेसबॅकअप आणि वाल (पोस्टग्रेसचा बदलांचा लॉग) फाइलींचं आर्काइव्हिंग. मायएसक्यूएल-डंप वापरत असाल तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्या, आणि तो फक्त इनोडीबी या स्टोरेज इंजिनच्या टेबलांनाच सुसंगत प्रत देतो हेही ध्यानात ठेवा.

फुल, डिफरन्शियल आणि लॉग: टेपवर यातलं काय न्यायचं?

सगळं. हा प्रश्न साधा दिसतो, पण सर्वात जास्त डेटा मी इथेच गेलेला पाहिला आहे.

फुल बॅकअप हा पाया. डिफरन्शियलमध्ये त्या पायानंतर बदललेलं सगळं येतं. लॉग बॅकअप म्हणजे बदलांची साखळी, जिच्या आधारे बुधवारी दुपारी २ वाजून ४० मिनिटांच्या क्षणापर्यंत परत जाता येतं. साखळीतली एक कडी हरवली की तिच्या पुढच्या सगळ्या कड्या तुमच्याकडे असूनही निरुपयोगी ठरतात. रविवारचा फुल बॅकअप टेपवर आणि त्यानंतरचे लॉग फक्त डिस्कवर, अशी रचना असेल, तर डिस्क गेल्यावर तुम्ही थेट रविवारवर येऊन पडता.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक खास सापळा आहे. दुपारी कोणीतरी चाचणीसाठी फुल बॅकअप घेतो आणि ती फाइल स्वतःच्या यंत्रावर नेऊन नंतर पुसून टाकतो. रात्रीचा डिफरन्शियल आता त्या दुपारच्या फुलवर आधारलेला असतो, तुमच्या टेपवरच्या रविवारच्या फुलवर नाही. म्हणून मधल्या बॅकअपसाठी 'कॉपी ओन्ली' वापरायचा नियम करा आणि तो सगळ्यांना माहीत असू द्या. शिवाय डेटाबेस 'सिंपल' रिकव्हरी मॉडेलवर असेल तर लॉग बॅकअप घेताच येत नाही. मॉडेल कोणतं आहे ते आजच पाहून घ्या.

डिस्कवर किती जागा ठेवावी?

निदान दोन फुल बॅकअप मावतील एवढी. नवा बॅकअप तयार होत असताना जुना हाताशी असायलाच हवा, कारण नवा अर्ध्यात फसू शकतो. उदाहरणादाखल, फुल ४ टीबीचा, डिफरन्शियल पहिल्या दिवशी १०० जीबी आणि मग रोज तेवढाच वाढत जाणारा, लॉग दिवसाला ६० जीबी असं धरू. दोन फुलचे ८ टीबी, सहा डिफरन्शियलचे मिळून २.१ टीबी, चौदा दिवसांच्या लॉगचे ८४० जीबी. बेरीज ११ टीबीच्या जवळ येते. त्यावर वाढीसाठी मोकळी जागा ठेवा. आणि ही डिस्क डेटाबेसच्या डिस्कांपेक्षा वेगळी हवी, एकाच स्टोरेजमधला नुसता दुसरा कप्पा नको.

जागा संपली की काय होतं, तेही ऐका. ओरॅकलचा फास्ट रिकव्हरी एरिया (बॅकअप आणि लॉग ठेवायची त्याची डिस्कवरची जागा) भरला की आर्काइव्ह लॉग (बदलांच्या लॉगच्या जपून ठेवलेल्या प्रती) लिहिता येत नाहीत, ओआरए-००२५७ ही चूक दिसते आणि डेटाबेस काम थांबवतो. पोस्टग्रेसमध्ये आर्काइव्हिंग अडलं की १६-१६ एमबीच्या वाल फाइली साचत जातात आणि शेवटी डिस्क भरते. म्हणजे टेप ड्राइव्ह बिघडली म्हणून तीन दिवसांनी डेटाबेसच बंद पडला, असं खरोखर घडतं.

डिस्कवरून टेपवर नेताना क्रम कसा असावा?

डिस्कवर बॅकअप पूर्ण होऊ द्या. तो तपासा. टेपवर न्या. टेपवर पोहोचल्याची खात्री करा. डिस्कवरून पुसायचं ते त्यानंतरच. वाचताना यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटेल, पण प्रत्यक्षात ही कामं बहुतेकदा घड्याळाच्या भरवशावर लावलेली असतात: रात्री ११ ला बॅकअप, ३ ला टेप, ६ ला साफसफाई. डेटाबेस वाढत जातो, आणि एका रात्री बॅकअप ३ वाजताही संपलेला नसतो. टेपचं काम वेळेवर सुरू होतं, अर्धवट फाइल उचलतं आणि 'यशस्वी' म्हणून नोंद करतं.

मी नवी होते तेव्हा हे माझ्या हातून घडलं. साफसफाईची स्क्रिप्ट मीच लिहिली होती: दोन दिवसांपेक्षा जुने लॉग पुसायचे. टेप ड्राइव्ह दुरुस्तीला गेली आणि चार दिवस लायब्ररी बंद राहिली. स्क्रिप्ट मात्र रोज नेमानं चालली. दोन दिवसांचे लॉग ना डिस्कवर राहिले ना टेपवर. त्या दिवसांतला रिस्टोर कोणी मागितला नाही म्हणून निभावलं, पण त्या आठवड्यातली झोप मला अजून आठवते. तेव्हापासून माझी कुठलीही स्क्रिप्ट फाइलचं वय पाहून पुसत नाही. 'टेपवर गेली' ही नोंद पाहूनच पुसते.

हे साधायचं कसं?

आरमॅन वापरत असाल तर काम सोपं आहे. आर्काइव्ह लॉग डिलीशन पॉलिसीत 'टेपवर एकदा तरी बॅकअप झालेला' ही अट घालता येते, मग त्याआधी ओरॅकल तो लॉग पुसायला नकार देतं. डिस्कवरचे बॅकअप टेपवर न्यायला 'बॅकअप रिकव्हरी एरिया' किंवा 'बॅकअप बॅकअपसेट' या कमांड आहेत. त्यांनी नेलेल्या प्रतीची नोंद आरमॅनकडे राहते, आणि रिस्टोरच्या वेळी ती डिस्कवर आहे की टेपवर हे तोच शोधतो. साध्या फाइल बॅकअपनं तीच फाइल टेपवर टाकली, तर आरमॅनला त्याचा पत्ताही नसतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये थेट टेपवर लिहिण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं पुढे काढून टाकायच्या यादीत टाकलेली आहे. त्यामुळे डिस्कवर फाइल आणि तिथून बॅकअप सॉफ्टवेअरनं टेप, हाच मार्ग धरा. फाइल लिहून होईपर्यंत तिचं नाव तात्पुरतं ठेवा, पूर्ण झाली की बदला, आणि टेपच्या कामाला फक्त पूर्ण नावांच्या फाइली उचलायला सांगा. या छोट्या युक्तीनं अर्धवट फाइलचा प्रश्नच मिटतो.

पोस्टग्रेसच्या आर्काइव्ह कमांडनं शून्य परत केलं की वाल फाइल सुरक्षित पोहोचली असं पोस्टग्रेस धरून चालतं आणि मूळ जागा पुन्हा वापरायला मोकळी करतं. तुमची स्क्रिप्ट कॉपी फसल्यावरही शून्य परत करत असेल, तर साखळी गुपचूप तुटते. त्या स्क्रिप्टची ओळ न् ओळ वाचा.

कॉम्प्रेशन डिस्कवर करावं की टेपवर?

एकाच ठिकाणी करा. कॉम्प्रेस झालेला डेटा टेप ड्राइव्हला आणखी दाबता येत नाही. डिस्कची जागा आणि नेटवर्क तोकडं असेल तर बॅकअप घेतानाच दाबा. प्रोसेसर आधीच दमलेला असेल तर ते काम ड्राइव्हवर सोडा. टेपच्या वेष्टनावरचा मोठा आकडा कॉम्प्रेशन गृहीत धरून छापलेला असतो, एलटीओ-६ पासून २.५ पट. एलटीओ-८ वर ३० टीबी लिहिलेलं असलं तरी हिशोब १२ टीबीचाच करा.

डिस्कवर डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) असेल तर टेपवर जाताना डेटा सहसा पुन्हा मूळ आकारात उलगडावा लागतो. त्या वाचनाचा वेग आधी मोजून पाहा. टेपला पुरेल एवढा तो नसेल, तर शू-शायनिंग मागच्या दारानं परत आलंच.

टेप एन्क्रिप्ट करावी का?

इमारतीबाहेर जाणारी प्रत्येक टेप. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतःच २५६ बिट एईएस एन्क्रिप्शन करते आणि वेगावर जवळजवळ फरक पडत नाही. आधी कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन हा क्रम ड्राइव्ह आपोआप पाळते. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आधी एन्क्रिप्ट केलंत तर मात्र टेपचं कॉम्प्रेशन वाया जातं.

खरा प्रश्न किल्लीचा. ती बॅकअप सर्व्हरवर आणि फक्त तिथेच असेल, तर सर्व्हर जळाल्यावर सगळ्या टेपा तुमच्यासाठीही बंद. किल्लीची प्रत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टीडीई (डेटाबेसच्या फाइली एन्क्रिप्ट करण्याची सोय) वापरत असाल तर त्याचं प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली यांचाही बॅकअप हवा. त्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरवर तो बॅकअप उघडत नाही.

टेपा किती लागतील, आणि फिरवायच्या कशा?

'आजोबा-वडील-मुलगा' ही जुनी पद्धत अजूनही चांगली आहे: रोजच्या टेपा आठवड्यानं पुन्हा वापरायच्या, आठवड्याच्या महिन्यानं, महिन्याच्या वर्षानं. टेपच्या मधला एखादा जुना बॅकअप पुसून जागा मोकळी करता येत नाही. त्यावरचं सगळं कालबाह्य झालं की पूर्ण टेपच पुन्हा वापरात येते. म्हणून पाच दिवस टिकवायचं आणि पाच वर्षं टिकवायचं एकाच कार्ट्रिजवर मिसळू नका.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम इथे आपसूक बसतो. मूळ डेटा, डिस्कवरची प्रत आणि टेपवरची प्रत मिळून तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी.

टेप किती वर्षं टिकते?

उत्पादक ३० वर्षं सांगतात, तीही नीट ठेवली तर: तापमान १६ ते २५ अंश, आर्द्रता २० ते ५० टक्के, कार्ट्रिज उभी. थंड गोदामातून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पण टेपच्या आधी ड्राइव्ह नाहीशी होते. एलटीओ-७ पर्यंतच्या ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत. एलटीओ-८ फक्त एक पिढी मागे वाचते. एलटीओ-९ च्या ड्राइव्हमध्ये एलटीओ-७ ची टेप वाचता येत नाही, आणि या दोन पिढ्यांमध्ये अवघ्या सहा वर्षांचं अंतर आहे, २०१५ आणि २०२१. दहा वर्षं डेटा ठेवायचा असेल तर मध्ये एकदा नव्या टेपांवर उतरवण्याचा खर्च आजच धरा. शिवाय तो बॅकअप उघडायला त्या काळची डेटाबेस आवृत्तीही लागेल. तिचा इन्स्टॉलर त्याच टेपेवर ठेवा.

नवी एलटीओ-९ टेप घातली की ड्राइव्ह बराच वेळ अडकल्यासारखी दिसते. बिघाड आहे का?

नाही. या पिढीत प्रत्येक नवी टेप पहिल्यांदा लोड होताना ड्राइव्ह तिची मोजणी करून घेते. त्याला साधारण ४० मिनिटं, क्वचित दोन तासही लागतात. मध्येच बाहेर काढू नका. नव्या टेपांचं हे काम दिवसा उरकून ठेवा, म्हणजे रात्रीचा बॅकअप खोळंबणार नाही.

सॉफ्टवेअर रोज 'यशस्वी' दाखवतं. तेवढं पुरेसं आहे?

नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डिस्कवरचीच प्रत सदोष असेल तर टेप तो दोष इमानेइतबारे जपून ठेवते. टेप ड्राइव्ह लिहिलेलं लगेच वाचून तपासते हे खरं, पण जे दिलं ते नीट लिहिलं गेलं एवढंच त्यातून कळतं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याच्या साइटवर एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या. पण पीजी-डंप हे पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन चुकीच्या आवृत्तीचं असल्यानं बरेच दिवस फसत होतं, आणि फसल्याचे मेल नाकारले जात असल्यानं कोणाला ते कळलंच नव्हतं. सुमारे सहा तास आधी योगायोगानं घेतलेला एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) हाती लागला आणि त्यावरून साइट उभी राहिली. गिटलॅबनं हे सगळं स्वतःहून सविस्तर प्रसिद्ध केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

म्हणून, फसल्याचा मेल येण्यावर विसंबू नका. यशाचा मेल आला नाही तर ओरडणारी व्यवस्था लावा. बॅकअप घेताना चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारा पडताळणीचा आकडा) चालू ठेवा. एसक्यूएल सर्व्हरचं 'व्हेरिफाय ओन्ली', आरमॅनचं 'रिस्टोर व्हॅलिडेट', पोस्टग्रेस १३ पासूनचं पीजी-व्हेरिफायबॅकअप जरूर वापरा. आणि दर तिमाहीला एक टेप, तीही बाहेरच्या कपाटातून चिठ्ठी टाकून निवडलेली, मागवून वेगळ्या यंत्रावर पूर्ण डेटाबेस उभा करा. घड्याळ लावा. किती तास लागले तो आकडा वरिष्ठांना लेखी कळवा, कारण त्यांच्या मनात सहसा 'तासाभरात होईल' असं असतं.

बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगचाही बॅकअप लागतो का?

लागतो, आणि बरेच जण तो विसरतात. कोणत्या टेपेवर, कुठे, काय आहे हे फक्त कॅटलॉगला माहीत असतं. तो गेला तर एकेक टेप अथपासून इतिपर्यंत वाचून यादी पुन्हा तयार करावी लागते. भरलेली एलटीओ-८ पूर्ण वेगानं वाचायलाही सव्वानऊ तास लागतात. अशा चाळीस टेपा असतील तर दिवस मोजा. कॅटलॉगची प्रत रोज शेवटच्या टेपेवर घ्या, आणि त्या टेपेचा बारकोड कागदावर लिहून ठेवा. ओरॅकल असेल तर त्याच कागदावर डीबीआयडी (डेटाबेसचा ओळख क्रमांक) लिहा.

टेपवरून परत आणायची वेळ आली आहे. सुरुवात कुठून करू?

बिघडलेल्या डेटाबेसला हात लावण्याआधी जागा असेल तर त्याच्या आहेत तशा फाइली बाजूला कॉपी करा. शक्य असेल तर शेवटचा लॉग बॅकअप घ्या, शेवटच्या काही मिनिटांचे व्यवहार त्यातच असतात. साफसफाईची आणि टेप पुनर्वापराची सगळी ठरलेली कामं थांबवा, नाहीतर तुम्ही शोधत असलेली टेप आज रात्री पुन्हा लिहिली जाईल. कोणत्या क्षणापर्यंत परत जायचं ते कामकाज पाहणाऱ्या माणसाकडून लेखी घ्या. मग लागणाऱ्या टेपांची पूर्ण यादी एकदमच काढून मागवा, एक संपल्यावर दुसरी असं नको. रिस्टोर नव्या जागी करा, जुन्यावर नाही.

आणि प्रत्येक कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्या कडेची छोटी सरकपट्टी कुलपाच्या खुणेकडे ढकला. अशा वेळी घाईत कोणीतरी चुकीचं बटण दाबतंच, आणि पट्टी सरकवलेली असली की ड्राइव्ह त्या टेपेवर काही लिहीत नाही.